पगारातून येणारी गाडी

आमच्या घरात पगार हा शब्द माझ्यामुळे शिरला. माझ्या आधीच्या तीन पिढ्यांनी सांगलीच्या पेठेत हळद आणि गुळाची अडत केली. दिवाणजींना आणि हमालांना पगार देणे घराला ठाऊक होते, घेणे ठाऊक नव्हते. १९८२ साली एम.कॉम. होऊन मी बँकेत रुजू झालो आणि पहिल्या महिन्याची पगारपत्रिका वडिलांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि विचारले, "वर एक आकडा आहे, खाली एक आकडा आहे. यांतला तुझा कुठला?" मी खालच्या आकड्यावर बोट ठेवले. "मग वरचा कशाला लिहितात?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मी त्या दिवशी देऊ शकलो नाही. ते मला गेल्या वर्षी, निवृत्तीनंतर, परक्या देशातील एका स्वयंपाकघरात बसून नीट मांडता आले. आणि त्याला निमित्त झाली विजेवर चालणारी एक मोटार.

आमची धाकटी लेक आणि जावई इंग्लंडमध्ये लेस्टर शहरी असतात. दोघेही नोकरदार. मे २०२५ मध्ये आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. जुलैच्या पहिल्या शनिवारी, सकाळचा चहा झाल्यावर, लेकीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "अण्णा, कंपनीतून इलेक्ट्रिक गाडी मिळते आहे. पगारातून कापून घेतात. निर्णय पंधरा दिवसांत कळवायचा आहे. तुम्ही एकदा आकडे बघा ना."

योजनेचे नाव सॅलरी सॅक्रिफाइस. शब्दशः अर्थ करायचा तर वेतनाचा त्याग. आमच्या सौभाग्यवती पोहे परतता परतता म्हणाल्या, "त्याग कसला त्यात? दाराशी गाडी तर येते आहे."

माझा पहिला आक्षेप मात्र वेगळाच होता आणि तो आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला असता. "गाडी कुणाच्या नावावर?"

"लीझिंग कंपनीच्या."

"आणि तीन वर्षांनी?"

"परत द्यायची."

म्हणजे तीन वर्षे पैसे भरायचे आणि शेवटी किल्ली दुसऱ्याच्या हाती ठेवून घरी यायचे. आपल्या घरांत दुकानाचा गाळा भाड्याचा असला तरी वजनकाटा स्वतःचा असतो. भाड्याच्या वाहनातून सणाला कुणाकडे गेलो तर आई अस्वस्थ होत असे. मी तसे बोलून दाखविले. तेव्हा जावईबापू, जे सहसा माझ्यासमोर कमी बोलतात, हळूच म्हणाले, "अण्णा, ही गाडी तीन वर्षांनी केवढ्याला विकली जाईल, हे आज कुणी सांगू शकेल का? बॅटरीचे तंत्र दरवर्षी बदलते आहे. नवे मॉडेल स्वस्त निघाले की जुन्याचा भाव पडतो. तो तोटा लीझिंग कंपनीचा, आपला नाही."

हळदीचा साठा वखारीत ठेवून भाव पडताना पाहिलेल्या घरातला मी माणूस. हा मुद्दा मला लगेच पटला. ज्या मालाचा पुढचा भाव कळत नाही तो दुसऱ्याच्या वखारीत राहिलेला बरा. आक्षेप मागे घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे जून महिन्याचे पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडायला घेतले. निवृत्त झालो तरी ही सवय सुटलेली नाही. लॅपटॉपवरचा आकडा मला हाताने लिहिल्याशिवाय खरा वाटत नाही.

योजना अशी चालते. मालक, म्हणजे नोकरी देणारी कंपनी, गाडी लीझवर घेते आणि कर्मचाऱ्याला वापरायला देते. त्या बदल्यात कर्मचारी आपल्या वार्षिक पगारातील ठरावीक रक्कम सोडून देतो. ही रक्कम कर आकारण्याच्या आधीच वजा होते, यातच सारे मर्म आहे. लेकीचा पगार वर्षाला ३४,००० पौंड. निवडलेल्या गाडीची छापील किंमत ४०,००० पौंड. महिन्याला ६०० पौंड सोडायचे होते. त्यात विमा, देखभाल, टायर, रस्ताकर आणि वाटेत बंद पडल्यास मदत, हे सारे आले. वर्षाला ८,००० मैलांची मर्यादा. त्यापुढे प्रत्येक मैलाला वेगळा आकार.

तिच्या पगारावर आयकर २० टक्के आणि नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी ८ टक्के. म्हणजे ६०० पौंड सोडले तर त्यावरचे १६८ पौंड तसेही सरकारकडे गेले असते. हातातून प्रत्यक्ष जाणार ४३२. मालकाने दिलेली गाडी हाही एक मिळालेला लाभ असल्याने त्यावर स्वतंत्र कर आहे, पण विजेच्या गाडीसाठी तो फारच सौम्य आहे. २०२५-२६ या वर्षी छापील किमतीच्या फक्त ३ टक्के रक्कम उत्पन्न म्हणून धरली जाते. ४०,००० च्या ३ टक्के १,२००. त्यावर २० टक्के कर २४०. म्हणजे महिन्याला २० पौंड. एकूण ४५२. अशीच गाडी स्वतंत्रपणे भाड्याने घेऊन, विमा आणि देखभाल वेगळी भरून, तिला महिन्याला सुमारे ५६० पडत होते. महिन्याला शंभराहून अधिक पौंडांची बचत. लेकीचा चेहरा खुलला.

आपल्या वाचकांच्या मनात या ठिकाणी जो प्रश्न आला असेल तो माझ्याही मनात आला. यात मालकाचे काय? कुणी उगाच कामगारासाठी गाड्या घेत बसत नाही. त्याचेही उत्तर कॅलेंडरच्या पानावर निघाले. तिथे मालकालाही कामगाराच्या पगारावर नॅशनल इन्शुरन्स भरावा लागतो. एप्रिल २०२५ पासून त्याचा दर १५ टक्के झाला आहे. वर्षाचे ७,२०० पौंड पगारातून उतरले की मालकाचे १,०८० पौंड वाचतात. गाडीच्या लाभावर, म्हणजे त्या १,२०० वर, त्याला १५ टक्क्यांनी १८० भरावे लागतात. उरले ९००. काही मालक यातला वाटा कर्मचाऱ्याला देतात, काही योजनेच्या खर्चासाठी आणि कुणी नोकरी मध्येच सोडली तर होणाऱ्या नुकसानीसाठी ठेवून घेतात. लेकीच्या कंपनीचे धोरण दुसऱ्या प्रकारचे होते. कंपनीने ते लपविले नव्हते. फक्त कुणी विचारत नव्हते.

सरकारने एवढी सवलत का ठेवली, हेही थोडक्यात सांगतो. पेट्रोल किंवा डिझेलची गाडी मालकाकडून घेतली तर छापील किमतीच्या ३७ टक्क्यांपर्यंत रक्कम उत्पन्नात धरली जाते. शिवाय पगाराच्या बदल्यात वस्तू घेऊन कर वाचविण्याचा मार्ग एप्रिल २०१७ पासून बहुतेक वस्तूंसाठी बंद केला गेला. अत्यल्प धूर सोडणाऱ्या गाड्या मात्र त्यातून वगळल्या. विजेच्या गाड्यांचा दर २०२०-२१ मध्ये शून्य होता, पुढच्या वर्षी १, मग तीन वर्षे २, मग ३. एप्रिल २०२६ पासून ४, त्यापुढे ५, मग ७ आणि २०२९-३० मध्ये ९ टक्के, असे आधीच जाहीर झालेले आहे. दुकानदार नवा माल खपविण्यासाठी प्रथम सूट देतो आणि गिऱ्हाईक रुळले की सूट उतरवतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे सूट कधी आणि किती उतरणार हे आधीच फलकावर लिहिलेले आहे. ही पारदर्शकता मला आवडली.

एक गोष्ट मात्र आवडली नाही. लेकीच्या कार्यालयात ६२,००० पौंड पगार घेणारे एक वरिष्ठ आहेत. तीच गाडी त्यांनी तेच ६०० पौंड सोडून घेतली, तर त्यांचे आयकराचे ४० आणि नॅशनल इन्शुरन्सचे २ टक्के वाचतात. हातातून जाणार ३४८, लाभावरचा कर ४०, एकूण ३८८. तीच गाडी, तोच रस्ता. पण ज्याचा पगार जवळजवळ दुप्पट त्याला ती महिन्याला ६४ पौंडांनी स्वस्त. आणि ज्याचा पगार किमान वेतनाच्या जवळपास आहे, त्याला ती मुळीच नाही. कारण पगार सोडून देताना तो किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, असा कायदा आहे. २०२५ च्या एप्रिलपासून २१ वर्षांवरील व्यक्तीचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते. लेस्टरच्या कापड कारखान्यांत आणि गोदामांत राबणाऱ्यांना या सवलतीचा वाराही लागत नाही. धूर कमी करण्याचे पुण्य करायचे तर त्याचा पहिला लाभ सुस्थितीतल्यांनाच का, हे मला त्या कागदावरून उमगले नाही.

तरीही लेकीपुरता हिशेब चोख होता. पानाखाली मी रेघ मारली आणि "घेण्यास हरकत नाही" असे लिहून सही केली. बँकेत कर्जप्रस्तावावर करीत असे तशीच.

त्या रात्री जेवणानंतर सौभाग्यवतींनी मला बाहेर फिरायला नेले. लेस्टरमध्ये जुलैत रात्री नऊनंतरही उजेड असतो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "तिला तिसरा लागला आहे. तीन महिने झाल्यावर तुम्हाला सांगणार होती. आज तुम्ही सही केलीत म्हणून मी आत्ताच सांगते."

आनंद काय झाला ते लिहिण्याची ही जागा नाही. पण सदतीस वर्षे दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माणसाचे डोके घरापर्यंत पोहोचण्याआधीच दुसरीकडे वळले होते. प्रसूतीच्या रजेत तिला पगार कशावर मिळणार?

दुसऱ्या दिवशी पान पुन्हा काढले. ब्रिटनमध्ये वैधानिक मातृत्व वेतन एकोणचाळीस आठवडे मिळते. पहिले सहा आठवडे सरासरी साप्ताहिक कमाईच्या ९० टक्के. उरलेले तेहतीस आठवडे ठरावीक दराने, जो २०२५-२६ मध्ये आठवड्याला १८७.१८ पौंड होता (९० टक्क्यांची रक्कम त्याहून कमी भरली तर ती). ही सरासरी कमाई कधीची? अपेक्षित प्रसूतीच्या आधीचा पंधरावा आठवडा धरतात आणि त्याच्या मागील साधारण दोन महिन्यांचा पगार पाहतात. आमच्या लेकीची तारीख जानेवारीच्या मध्यावर होती. म्हणजे पंधरावा आठवडा ऑक्टोबरच्या आरंभी आणि पाहिला जाणारा पगार ऑगस्ट-सप्टेंबरचा. गाडी कधी येणार होती? ऑगस्टमध्ये.

आणि जो पगार सोडून दिला तो पगारात धरत नाहीत. ३४,००० च्या पगारावर ९० टक्क्यांनी आठवड्याला ५८८ पौंड होतात. ७,२०० सोडून उरलेल्या २६,८०० वर ४६४. सहा आठवड्यांत सुमारे ७५० पौंडांचा फरक. शिवाय वैधानिक मातृत्व वेतनातून गाडीची रक्कम कापता येत नाही. त्यामुळे तो काळ कसा हाताळायचा हे निरनिराळ्या योजनांच्या कागदात निरनिराळे लिहिलेले असते. लेकीच्या कागदात त्यावर तीन परिच्छेद होते. आदल्या दिवशी मी ते वाचलेच नव्हते, हे इथे कबूल केले पाहिजे. महिन्याचा हप्ता आणि कर यांतच मी रमलो होतो.

एवढ्यावर भागले असते तर ७५० पौंड हा काही गाडी नाकारण्याचा आकडा नव्हे. पण एक धागा ओढला की दुसरा दिसतो. मातृत्व वेतन वरच्या आकड्यावर ठरते, तर आणखी काय काय त्या आकड्यावर ठरते?

इथे मला बँकेतले दिवस आठवले आणि हा भाग आपल्या वाचकांसाठी थोडा विस्ताराने लिहितो, कारण तो पगाराशी संबंधित नसून दुकानांशी आहे. शाखाधिकारी असताना माझ्याकडे पेठेतले सन्माननीय व्यापारी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेण्यासाठी येत. दुकान भरलेले, गिऱ्हाईक उभे, माल येतो आहे जातो आहे, सारे मला डोळ्यांनी दिसे. पण विवरणपत्रातली उलाढाल निम्मीच. लहान उद्योग-व्यवसायांच्या खेळत्या भांडवलासाठी नायक समितीचे सूत्र होते: अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के. दोन कोटींच्या उलाढालीवर चाळीस लाख मिळतात. एक कोटी वीस लाख दाखवले तर चोवीसच. मग शेटजी म्हणत, "साहेब, तुम्ही दुकान पाहताच आहात की." मी म्हणत असे, "शेटजी, माझे डोळे फाइलला जोडता येत नाहीत." कर वाचविण्यासाठी ज्यांनी आकडा लहान केला, त्यांना तोच लहान आकडा कर्जाच्या वेळी आडवा येई. कित्येकांनी वाचविलेल्या करापेक्षा जास्त व्याज खाजगी सावकाराला दिले. (काही जण आज हे वाचत असतील, राग मानू नये.)

लेकीचे प्रकरण बेकायदेशीर मुळीच नव्हते; ती सवलत सरकारनेच दिलेली. पण यंत्रणा तीच होती. कर वाचविण्यासाठी तिने वरचा आकडा कायदेशीर मार्गाने लहान करायचा, आणि तो आकडा फक्त कर खाते पाहते असे समजायचे.

लेक आणि जावई तेव्हा घर शोधत होते. राहते घर भाड्याचे; लेस्टरच्या जुन्या वस्तीतले, ओळीत एकाला एक चिकटून बांधलेले, दार उघडले की थेट फुटपाथ. ओडबी या उपनगरातले एक घर त्यांच्या मनात भरले होते. किंमत ३,७५,००० पौंड. १० टक्के पदरचे म्हणजे ३७,५०० त्यांनी सहा वर्षांत साठविले होते. कर्ज हवे ३,३७,५००. तिथल्या बँका आणि गृहकर्ज संस्था साधारणपणे दोघांच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाच्या साडेचार पटीच्या आसपास थांबतात. जावईबापूंचा पगार ४६,०००, लेकीचा ३४,०००, एकूण ८०,०००. साडेचार पट ३,६०,०००. घर बसत होते. आता त्यातून ७,२०० वजा करा. ७२,८०० ची साडेचार पट ३,२७,६००. घर ९,९०० पौंडांनी हातातून निसटत होते.

मी पान तिच्यापुढे ठेवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे महिन्याला शंभर पौंड वाचवायला मी घर घालवणार होते?"

"सगळ्या बँका एकाच रीतीने मोजत नाहीत," मी म्हटले. "कुणी सोडलेला पगार परत मिळवून गाडीला हप्ता म्हणून धरेल. आधी विचारा." जावईबापूंनी गृहकर्जाच्या सल्लागाराला फोन केला. त्याने तेच सांगितले: काही संस्था कपातीपूर्वीचा पगार धरतात, पण ज्या संस्थेचा व्याजदर त्यांना परवडत होता ती पगारपत्रिकेवर उरलेलाच आकडा घेते. आणि अर्ज केल्यावर कर्जाची रक्कम हाती पडेपर्यंत पगारपत्रिकेत काहीही बदल करू नका, असेही त्याने बजावले.

जावईबापूंच्या कंपनीत योजना असती तर त्यांच्या नावे गाडी घ्यावी, असा विचार निघाला. त्यांची कंपनी लहान, अशी योजनाच नाही. शिवाय कर्जाचे गणित तरीही तेच राहिले असते. निवृत्तिवेतनाचीही चौकशी लेकीने केली. मालकाची निवृत्तिवर्गणी मूळ पगारावर धरतात की उरलेल्या, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. तिच्याकडे मूळ पगारावर धरतात असे लेखी उत्तर आले. ही जमेची बाजू. नोकरी सोडली तर काय, याचे उत्तर मात्र जड होते: पहिल्या काही महिन्यांत स्वतःहून राजीनामा दिल्यास करार मोडण्याचा आकार कर्मचाऱ्याने भरायचा. बाळ झाल्यावर नोकरीचे काय ठरवावेसे वाटेल हे जुलैमध्ये कुणाला ठाऊक असते?

चार्जिंगचा मुद्दा मी मुद्दामच शेवटी काढला, कारण तो साऱ्यांत साधा होता आणि त्यानेच प्रश्न मिटला. तिथे घरगुती विजेवर मूल्यवर्धित कर ५ टक्के आहे, सार्वजनिक चार्जिंगवर २० टक्के. स्वतःच्या अंगणात यंत्र बसवून रात्रीच्या खास दराने चार्जिंग केले तर प्रवास फारच स्वस्त पडतो. रस्त्यावरच्या जलद चार्जिंगला त्याच्या कैक पट मोजावे लागतात. त्या ओळीतल्या घराला अंगणच नव्हते. फुटपाथवरून वायर ओढायची तर येणारा जाणारा अडखळणार. ओडबीच्या घराला दोन गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा होती. म्हणजे विजेची गाडी ज्या घरात शोभली असती, ते घरच त्या गाडीमुळे गेले असते. सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी गोठा, मग गाय." पंधरा दिवसांच्या मुदतीत लेकीने कंपनीला नकार कळविला.

आपल्याकडेही मोठ्या कंपन्यांत कार लीझची सोय आता रूढ झाली आहे. माझा पुतण्या पुण्यात संगणक कंपनीत आहे; त्याने मागच्या महिन्यात असाच कागद पाठविला. आपल्याकडे मालकाने दिलेल्या आणि कामासाठी व खाजगीही वापरल्या जाणाऱ्या गाडीचे मूल्य नियमाने ठरीव धरतात. १,६०० सीसीपर्यंतच्या इंजिनाला दरमहा १,८०० रुपये आणि त्यापुढे २,४०० असा हिशेब अनेक वर्षे चालत आला. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत आहे, तेव्हा कागद पुढे येईल त्या दिवशीचा नियम पाहूनच आकडा मांडावा. पुतण्याला मी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या: लीझची रक्कम मूळ वेतनातून जाते की विशेष भत्त्यातून, कारण भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मूळ वेतनाशी जोडलेली असते, मुदतीअखेर गाडी विकत घ्यायची झाल्यास किंमत आज लिहून देतात का, आणि नोकरी बदलली तर नवा मालक लीझ पुढे चालवेल का. चौथी गोष्ट मी विचारली: "पुढच्या दोन वर्षांत फ्लॅट घ्यायचा आहे का?" आपल्याकडच्या बँका हाती पडणारा पगार पाहून हप्त्याची कुवत ठरवितात, हे मी स्वतः शेकडो प्रस्तावांवर केले आहे. तो गप्प राहिला. फ्लॅट पाहणे चालू आहे, असे त्याच्या आईकडून नंतर कळले.

दुकानदारांनी एक लक्षात ठेवावे की एकट्याच्या मालकीच्या पेढीचा धनी हा पेढीचा नोकर नसतो. त्याने स्वतःला पगार देऊन स्वतःचाच पगार कापण्याची सोय नाही. त्याला गाडी पेढीच्या खात्यात घेऊन घसारा मागता येतो. विजेच्या वाहनावर घसाऱ्याचा दर ४० टक्के आणि साध्या मोटारीवर १५ टक्के, असा फरक राहिला आहे. विजेच्या गाडीवर जीएसटीही ५ टक्केच आहे. पण तो जीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून मिळेल, असे मात्र कुणी गृहीत धरू नये. प्रवासी मोटारींच्या बाबतीत तो सर्वसाधारणपणे अडलेला असतो.

लेकीचे ओडबीचे घर नोव्हेंबरमध्ये नावावर झाले. जानेवारीत नात झाली. दाराशी अजून जुनी पेट्रोलची गाडी उभी आहे. तिचा मागचा दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. नोव्हेंबरच्या अंदाजपत्रकात विजेच्या गाड्यांवर एप्रिल २०२८ पासून मैलाला ३ पेन्स आकारण्याचे जाहीर झाले, तेही तिने मला कळविले. ८,००० मैलांचे २४० पौंड, महिन्याला २०. लाभावरचा कर तिच्यासाठी ४ टक्क्यांच्या दराने महिन्याला २७ आणि ५ टक्क्यांच्या दराने ३३ पौंड होईल. मी दोन्ही आकडे त्याच पानावर, जुन्या सहीच्या खाली लिहून ठेवले आहेत. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नात मांडीवर होती आणि लेक म्हणाली, "अण्णा, मी कामावर परतले की पहिल्या महिन्याची पगारपत्रिका तुम्हाला पाठवते. मग बघू."

"दोन्ही आकडे दिसतील असा फोटो काढ," मी म्हटले.